खोकला कुठे आला ते सांगा

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका हौशी मंडळाचा निरोप आला. ‘मावशी, शनिवारी सौभद्रची रंगीत तालीम आहे. चाळीसेक माणसं हवीत. घरातली आणा, शेजारची आणा, पण नाटकवाली फार नकोत.’ सौभद्र म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचं जुनं संगीत नाटक, अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं. मी तो निरोप सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लगेच दोन प्रश्न आले. एक, तिथे आपण करायचं काय असतं? दोन, चहा आहे का?

चहा असतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते. मला गाता येत नाही, मी कधी तोंडाला रंग लावलेला नाही. माझे वडील, नाना, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि ड्यूटी सुटली की एका नाटकमंडळीत प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. नटाचं वाक्य अडलं की हळूच पुढचा शब्द सरकवायचा, एवढंच त्यांचं काम. पण विंगेतून अर्धा नट दिसतो आणि प्रेक्षक पूर्ण ऐकू येतो. त्यामुळे नानांनी आपली स्वतःची एक पद्धत काढली होती. संहितेच्या समासात, ज्या वाक्याला सभागृहात खोकला उठला तिथे ते ‘खो’ लिहायचे. तीन प्रयोगांत त्याच वाक्याला तीनदा ‘खो’ आला की वही दिग्दर्शकापुढे धरायचे. म्हणायचे, ‘सर्दी एवढी वेळेवर होत नाही. माणूस कंटाळला की त्याला घसा आठवतो.’

रंगीत तालमीच्या प्रेक्षकाला याहून वेगळं काही येण्याची गरज नाही.

तालमी दोन-तीन महिने चालतात, पण त्या साध्या कपड्यांत, खुर्च्यांना राजवाडा समजून. रंगीत तालीम म्हणजे सगळं खरं: शेला, मुकुट, दिवे, नेपथ्य, ऑर्गन-तबल्याची साथ, तिसरी घंटा, नांदी. फक्त तिकीट नाही आणि चुकायला मुभा आहे. काही मंडळं तिच्यानंतर निमंत्रितांसाठी आणखी एखादा प्रयोग करतात. मग शुभारंभ. बास. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो सांगतो की तिकडे न्यूयॉर्कला ब्रॉडवेच्या नाट्यगृहांत अशी तिकीट लावलेली ‘प्रीव्ह्यू’ कित्येक आठवडे चालतात. दिवसा दुरुस्ती, रात्री प्रयोग. स्पायडरमॅनवरच्या एका संगीतिकेने २०१०-११ मध्ये अशी १८२ प्रीव्ह्यू केली! आमच्या मंडळाला सभागृहाचं भाडं, ऑर्गनवाल्याची बिदागी आणि कपडेपटाचा हिशेब करून एक रंगीत तालीम परवडते, फार तर दोन. म्हणजे तिकडे हजारो माणसं मिळून जे सांगतात ते इथे चाळिसांनी सांगायचं. त्यातल्या पंचवीस जणांनी ‘छानच झालं हो’ म्हणून पळ काढला तर उरले किती ते मोजा.

आणि अर्धवट काम लोकांपुढे आणणं हे काही तिकडचं फॅड नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आपलं संगीत शाकुंतल आणलं तेव्हा सातांपैकी चारच अंक होते. सौभद्रचेही १८८२ च्या नोव्हेंबरात पहिले तीनच अंक रंगले, बाकीचे दोन नंतर. ज्यांना आपण आद्य म्हणतो तेही असं अर्धं घेऊन लोकांसमोर उभे राहिले होते.

आठवडाभर आधी रेकॉर्ड बंद

जुनं संगीत नाटक पुन्हा उभं राहतं तेव्हा सगळ्यात मोठा अडथळा प्रेक्षकाच्या कानात असतो. आमच्या पिढीचा कान रेडिओवर तयार झाला. त्यामुळे मुलीने पहिली ओळ उचलली की आपण तिला ऐकतच नाही, तिच्यामागे वाजणारी जुनी रेकॉर्ड ऐकतो आणि मध्यंतरात मान हलवून म्हणतो, ‘ती मजा नाही.’

पण ती रेकॉर्ड म्हणजे नाटक नव्हे. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बालगंधर्वांना त्या मापात पद, म्हणजे नाटकातलं गाणं, कापून बसवावं लागलं. तेच पद रंगमंचावर वन्समोअर घेत घेत पाऊण तासही रंगायचं आणि नाटक उजाडेपर्यंत चालायचं. आपल्या डोक्यातलं ‘मूळ’ हे असं कात्रीतून आलेलं आहे. तेव्हा तालमीच्या आधी आठवडाभर ते ऐकू नका. अगदीच राहवलं नाही तर एकच पद दोन वेगवेगळ्या गायकांचं लागोपाठ ऐका. दोघं इतके वेगळे गातात की कानाचा हट्ट जरा सैल पडतो. मी हा उपाय शेजारच्या काकांवर करून पाहिला. निम्मा लागू पडला, कारण त्यांनी तिसरा गायक काढून दोघांनाही नावं ठेवली.

वाचायचं असेल तर संहिता वाचा. आमच्या नाशकात टिळकपथावर सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. पण ते पुस्तक घेऊन तालमीला येऊ नका. एक गृहस्थ तसे आले होते. गाळलेल्या प्रत्येक पदाला पानावर खूण करत होते आणि त्या भरात रंगमंचाकडे त्यांनी फार तर दहा वेळा बघितलं असेल. सौभद्रात शंभराहून अधिक पदं आहेत. आजच्या अडीच-तीन तासांत ती बसणार नाहीत, हे दिग्दर्शकाला तुमच्याआधी कळलेलं असतं. पद गाळलं की नाही हा प्रश्नच नाही. गाळल्यावर गोष्टीत भोक पडलं का, ते सांगा.

हे भोक सगळ्यात आधी कोणाला दिसतं? ज्याने नाटक आधी कधी पाहिलेलं नाही त्याला. म्हणून येताना असा एक माणूस बरोबर आणाच. मी चौदा वर्षांच्या नातीला नेलं. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, बलराम त्याला घरी ठेवून घेतो, सुभद्रा त्याची सेवा करते. आम्हाला हे सगळं पाठ, त्यामुळे कुणालाच खटकलं नाही. मध्यंतरात नात विचारते, ‘आजी, हा साधू म्हणजे तोच मघाचा अर्जुन का दुसरा कोणी?’ दाढी नवी, आवाज मुद्दाम जाड केलेला, आणि वेषांतराचं सूचन करणारा छोटा प्रवेश कापाकापीत गेलेला. पोरीचा प्रश्न रास्त होता.

यावरून भाच्याने सांगितलेली एक गोष्ट आठवली. अमेरिकन संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांची ‘मेरिली वी रोल अलाँग’ ही संगीतिका १९८१ मध्ये ब्रॉडवेवर आली. तिची गोष्ट उलटी चालते, आजकडून कालकडे. प्रीव्ह्यूला आलेल्या लोकांना कोण कोणाचं कोण ते कळेना, ते उठून जायला लागले. शेवटी नटांचे कपडे टाकून देऊन त्यांना चक्क नावं छापलेले स्वेटशर्ट घातले. तरी शुभारंभानंतर सोळाच प्रयोग झाले. तीच संगीतिका २०२३ मध्ये पुन्हा ब्रॉडवेवर उभी राहिली आणि २०२४ चं संगीतिकेच्या सर्वोत्तम पुनरुज्जीवनाचं टोनी पारितोषिक घेऊन गेली. आमच्या अर्जुनाला बनियनवर नाव छापायला सांगणार नाही मी. पण नातीचा प्रश्न शब्द न बदलता दिग्दर्शकाला पोचवला.

अंधारातली वही

मोबाइलवर टिपण करू नका. त्याचा उजेड नटाच्या डोळ्यात जातो आणि मागच्या रांगेचं लक्ष तुमच्याकडे. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल आणा. पेन नको, शांत प्रवेशात त्याचं टिकटिक तिसऱ्या रांगेपर्यंत जातं. अंधारात लिहिण्याची नानांची युक्ती अशी: एका पानावर एकच गोष्ट, अक्षर मोठं, आणि डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला टेकवून ठेवायचा म्हणजे लिहिलेल्यावर पुन्हा लिहिलं जात नाही. लिहून झालं की न बघता पान उलटायचं.

वाक्यं लिहीत बसायचं नाही, खुणा करायच्या. ‘खो’ म्हणजे मला किंवा आजूबाजूला खोकला, चुळबुळ. ‘घ’ म्हणजे मी घड्याळ पाहिलं. ‘ह’ म्हणजे हशा आला, मग तो हवा होता की नको होता हा पुढचा प्रश्न. ‘ऐ’ म्हणजे शब्द ऐकू आला नाही. ‘झो’ कशाला, ते कळलंच असेल. खुणेपुढे रंगमंचावर त्या क्षणी काय चाललं होतं ते दोन शब्दांत: ‘घ, नारद बोलतोय.’ झालं.

कौतुकाला खूण काय, असं मी नानांना लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘जिथे बराच वेळ काहीच लिहिलेलं नसतं ना, ते.’

कुठे बसायचं

पुढच्या दोन रांगा सोडा. तिथे नटांच्या आयांनी रुमाल टाकलेले असतात. एका घरची माणसं असाल तर एकत्र न बसता पांगा. एक मधोमध, एक शेवटच्या रांगेत, एक अगदी कडेला. याला कारण आहे. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, माणसं येऊन बसली की अंगं आणि कपडे तो पितात. तोवर रिकाम्या खुर्च्यांपुढे लावलेला माइक त्या दिवशी पहिल्यांदाच माणसांपुढे वाजतो. कुठल्या खुर्चीवरून शब्द गिळला गेला ते ध्वनीवाल्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? ‘आवाज नीट नव्हता’ याचा त्याला काडीचा उपयोग नाही. ‘एन रांग, डावीकडून तिसरी खुर्ची, कृष्ण बोलताना मागचा ऑर्गनच जास्त ऐकू येत होता’ म्हणालात तर तो तुम्हाला चहा पाजेल. कडेच्या खुर्चीतून विंगेत उभा राहून केळं खाणारा घटोत्कचही दिसतो, तेही लिहा.

गाण्यातलं कळत नाही म्हणून त्याबद्दल बोलायचं नाही, असं काही जण ठरवून येतात. उलट तुम्हीच बोला. पदाचे शब्द कळले का? पद संपून बोलणं सुरू होताना मध्ये खड्डा पडला का, म्हणजे नट आता गायकाचा पुन्हा नट होतोय असं दिसलं का? पद चालू असताना समोरच्या पात्राने काय केलं? बिचारी रुक्मिणी, कृष्ण तिचा रुसवा काढतोय आणि ती आठ मिनिटं पदराचं टोक पिळते आहे. माझ्या वहीत तिथे सलग दोन ‘घ’ आहेत आणि दोन्ही गाण्यासाठी नाहीत, त्या पदरासाठी आहेत.

ज्यांना थोडं कळतं त्यांनी पट्टीकडे, म्हणजे गायक कुठला सूर ‘सा’ धरून गातो त्याकडे, कान द्यावा. १८८२ मध्ये सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर, आणि अर्जुन मोरोबा वाघोलीकर. दोघंही पुरुष, त्यामुळे एका पट्टीत निभायचं. आता सुभद्रा बाई असते, तिची पट्टी पेटीच्या बटणांच्या हिशेबात काळी चार-पाच, अर्जुनाची पांढरी एकच्या आसपास. एकाचं पद संपून दुसऱ्याचं सुरू होतं तेव्हा ऑर्गनवाल्याला त्या पट्टीतून ह्या पट्टीत उडी मारायची असते आणि तबलजीला दुसरा तबला पुढे ओढायचा असतो. त्यात पावसाळा असला तर दमट हवेने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून सूर उतरतो, मग हातोडी काढून ठाकठूक. ही मधली वीस सेकंदं नटांना कळत नाहीत, कारण ते पुढच्या वाक्याच्या काळजीत असतात. प्रेक्षकाला कळतात. लिहा.

आणि वन्समोअर देऊ नका! हात जोडून सांगते. शुभारंभाला द्या, दहाव्या प्रयोगाला द्या, घसा बसेपर्यंत द्या. रंगीत तालमीत विंगेत कोणीतरी घड्याळ लावून बसलेलं असतं, कारण सभागृह ठरलेल्या सत्रापुरतंच मिळतं आणि नाटक त्याच्या आत संपवायचं असतं. टाळी मात्र मोकळेपणाने वाजवा, जिथे आपसूक येईल तिथे. उदारपणाने वाजवलेली टाळी सगळ्यात घातक. नट त्या जागी शुभारंभाला थांबतो, टाळीची वाट बघतो, आणि टाळी येत नाही.

ओठ हलवून पुढचं वाक्य पुटपुटण्याची सवय असेल तर तोंडात लवंग ठेवा. हे मी स्वतःला सांगते आहे.

मध्यंतर

मध्यंतरात वडा खा, चहा प्या, आणि नाटकाबद्दल बोलू नका. एकाने ‘संथ आहे नाही?’ म्हटलं की पुढच्या भागात चाळीसच्या चाळीस जणांना ते संथ वाटायला लागतं. आपापलं मत थंड होऊ न देता घरापर्यंत न्यायचं. नातीसारखं कोणी विचारलं तर उत्तर देऊ नका, प्रश्न वहीत लिहून घ्या. मी उत्तर देऊन बसले आणि पुढच्या भागात ती माझ्याच डोळ्यांनी नाटक बघत होती. एक चांगला प्रेक्षक वाया घालवला.

बोलायचं नाही तर वेळ कसा काढायचा? नाशिककरांना विषयांचा काय तोटा. मत्स्यगंधा (१९६४) लिहिणारे कानेटकर इथले, ययाति आणि देवयानी (१९६६) लिहिणारे शिरवाडकर इथले, दोन्हींना संगीत अभिषेकीबुवांचं. अलीकडे संगीत देवबाभळी घेऊन गेलेले प्राजक्त देशमुखही इथलेच. यात कुठलं थोर यावर भांडण लावून द्या, घंटा होईपर्यंत पुरतं.

सांगायचं कसं, आणि कोणाला

आता माझी चूक सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मंडळाच्या रंगीत तालमीनंतर मी कौतुकाने विंगेत गेले. नायिका झालेली मुलगी घामाने निथळत होती. मी तिचा हात धरून म्हटलं, ‘सुंदर गातेस गं, पण ते शेवटचं पद अर्धी पट्टी खाली घे, वर ओढाताण होते.’ ती हो म्हणाली. मला फार बरं वाटलं, आपण कामाला आलो. शुभारंभाच्या दिवशी तिने ते पद खरंच खाली उचललं. कोणालाही न सांगता. ऑर्गन वरच्या पट्टीत, ती खालच्या. दोन ओळी तसंच गेलं, मग ऑर्गनवाला थांबला, तीही थांबली, आणि भरलेल्या सभागृहात नुसता पंख्यांचा आवाज. पुढे तिने सावरलं, पण डोळ्यांत पाणी होतं आणि ते भूमिकेचं नव्हतं. मी मधल्या रांगेत पदराने तोंड झाकून बसले होते. नाना तेव्हा होते. घरी आल्यावर मला म्हणाले, ‘ओढाताण होते एवढंच दिग्दर्शकाला सांगायचं होतंस. पट्टी काय तू बसवली होतीस?’

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. त्या रात्री फक्त नमस्कार, ‘दमला असाल, जेवा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडायची. झोपून उठल्यावरही जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच ठेवायचं, तीन-चार गोष्टी. मग निरोप पाठवायचा तो एकट्या दिग्दर्शकाला, नटांना नाही, नटांच्या आयांना तर मुळीच नाही. आणि निरोपात उपाय नको. ‘नारदाचा प्रवेश कापा’ हा उपाय झाला. ‘नारद बोलत असताना मी दोनदा घड्याळ पाहिलं, शेजारच्यानेही’ ही घडलेली गोष्ट. पहिल्यावर दिग्दर्शक वाद घालतो, दुसऱ्यावर घालता येत नाही. कदाचित नारद ठीकच असेल आणि त्याच्या आधीचा काळोख लांबला असेल. ते शोधणं त्याचं काम.

मोबाइलवर चित्रण करून चढवू नका आणि शुभारंभाआधी चारचौघांत निकाल देऊ नका. शिजत असलेल्या आमटीत मीठ कमी आहे हे स्वयंपाकघरात सांगायचं असतं, पंगतीत नाही.

आणि शुभारंभाला तिकीट काढून जा. फुकट बघितलंय म्हणून घरी बसणारे लोक मला आवडत नाहीत, आणि शिवाय आपण सांगितलेल्याचं काय झालं ते बघायची उत्सुकता असतेच की. आम्ही गेलो, मी आणि नात. या वेळी तिने स्वतःची वही-पेन्सिल आणली होती. वेषांतराचा कापलेला प्रवेश परत आला नव्हता. त्याऐवजी दाढी लावलेला अर्जुन प्रेक्षकांकडे वळून, क्षणभर दाढी खाली ओढून, पुन्हा लावत आत जातो. सगळं सभागृह हसलं. नातीने पान उलटलं. घरी येऊन दिव्याखाली बघितलं तर तिथे वेड्यावाकड्या अक्षरात ‘ह’, आणि त्याखाली ‘कळलं’.

नारदापुढे मात्र दोन ‘घ’ होतेच. आदल्या वेळी माझे होते, या वेळी तिचे. उद्या दिग्दर्शकाला पाठवते.